गणपतीशिवाय छपाई नाही

आधी गणपती, मग मजकूर, आणि का म्हणून विचारायचं नाही — भोरच्या आमच्या छापखान्याचा हा नियम, सम्राटदादा, म्हणून तर तुमच्या बहिणीच्या लग्नाची पत्रिका बघून काका गोरेमोरे झाले. बसा हो, उठू नका. वर ‘नमो बुद्धाय’च हवं ना? मग तेच येईल. काय? तुमच्या वडिलांनाही असंच परत पाठवलं होतं? वा! आणि आमच्या कंपनीच्या इतिहासाची पुस्तिका निघतेय, तिच्यात लिहिलंय — ‘सर्व समाजाची अखंड सेवा’. अखंड! वह्या म्हणू नका, पावतीपुस्तकं म्हणू नका, सगळ्यांच्या डोक्यावर गणपती. वेल्ह्याच्या एका घराची दशक्रियेची पत्रिका छापली, तिच्यावरसुद्धा! वर गणपती, खाली ‘दुःखद निधन’. त्या लोकांनी गठ्ठा ह्याच काउंटरवर आपटला, तरी नाना म्हणाले, “न्हाई, गणपती हलणार न्हाई.” नाना म्हणजे माझे आजोबा — ते काय, आत खुर्चीत बसलेत, कंपनीचे संस्थापक.

आता श्रद्धा असती तर मीही हात जोडले असते. पण कसली श्रद्धा! पायानं चालवायचं मशीन भंगारातून आणलेलं, त्याची चौकट वरून ढिली, जुळवलेले अक्षरांचे खिळे घसरायचे. फट भरायला हाताला लागेल तो चित्राचा ठोकळा लावून बघितला, नेमका गणपतीचा बसला. झाला नियम! परवा नाना स्वतःच मित्राला हसत सांगत होते, मी चहा घेऊन दारात — अगंबाई, हे बोलायचं नव्हतं मला. असू दे. ते मशीन कधीच मोडीत गेलं, आता कॉम्प्युटरवर कुठली फट भरताय?

काय काका? “सोनिया, गणपती टाक, न्हायतर काम परत दे” — ऐकलंत दादा? नाही टाकणार. परतही देणार नाही. आणि काका, डोळे माझ्यावर काय वटारता, नानांना विचारा! सांगा नाना, श्रद्धा होती का फट होती?

नाना?

बघा. नानांची नजर छताकडं, आता काकाही तिकडंच बघायला लागले.

हं दादा, तारीख सांगा लग्नाची.