रतीचं कार्ड

अध्यक्ष महोदय, शैलाकाकू आणि मंडळातले सगळे जण,

दिनकरकाकांसाठी आज गाझियाबादच्या या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या. मला सभेत बोलता येत नाही, म्हणून लिहून आणलं आहे. कागदाकडे बघूनच वाचेन. आज तुमच्याकडे बघणं मला अवघड जाणार आहे.

दिल्लीत वाढलेल्या आपल्या मुलांसाठी काका मराठी शब्दांचं पुस्तक करत होते, हे तुम्हाला माहीत आहे. टायपिंग माझ्याकडे होतं. माझं कॉलेज पहिल्याच वर्षी सुटलं, पण ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही, म्हणून त्यांनी मला घेतलं. म्हणायचे, "यार, तू वेलांटीला घाबरतोस तेवढा बापाला घाबरला असतास, तर ग्रॅज्युएट झाला असतास."

काम असं चालायचं. जुन्या लग्नपत्रिका कापून केलेली कार्डं. एका कार्डावर एक शब्द. त्याचा अर्थ, तो कुठून आला, आणि घरात बोलतो तसं एक वाक्य. मी टाइप करायचो आणि मग पानं मोठ्यानं वाचायचो. काकांना फारसं दिसत नव्हतं. ते ऐकूनच तपासायचे.

'र'च्या गठ्ठ्यात एक कार्ड आलं. रती.

मी ते खिशात घातलं. टाइप केलं नाही. वाचताना 'रताळं' झाल्यावर थेट 'रथ' म्हणालो.

काकांनी थांबवलं. "रती आली का रे?"

"आली, काका."

"मग वाच की."

मी म्हटलं, "काकू आत आहेत." ते हसले. "बरं, राहू दे."

का केलं मी असं? मला वाटलं, मंडळातल्या बायका हे पुस्तक उघडणार, माझी आई उघडणार. म्हणतील, काकांचं वय झालं, या मुलानं तरी बघायचं. काकांची अब्रू वाचवतोय, असं मी स्वतःला सांगितलं. वाचवत होतो माझी.

हॉस्पिटलमध्ये, शेवटच्या आठवड्यात, त्यांनी पुन्हा विचारलं, "रती नीट आली ना?" तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "बिल्कुल, काका. दोनदा तपासली." त्यांनी समाधानानं डोळे मिटले.

दोनदा तपासली. असं मी त्या माणसाला सांगितलं.

परवा ते कार्ड घेऊन मी काकूंकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी कार्ड बघितलं आणि विचारलं, "अक्षर ओळखलं नाहीस?" दोन वर्षं मी ते अक्षर काकांचं समजत होतो. "अरे, त्यांना दिसत कुठे होतं? ते सांगायचे, मी लिहायचे. आणि ते शेवटचं वाक्य तर माझंच आहे."

माझी मान वर होईना. काकू म्हणाल्या, "आपल्या मुलांना या गोष्टीसाठी काय येतं? बसमध्ये ऐकलेल्या शिव्या. एक तरी बरा शब्द घरातून मिळावा, एवढंच आम्हाला वाटलं होतं."

मी कार्ड त्यांच्याकडेच ठेवू लागलो. त्यांनी ठेवून घेतलं नाही. म्हणाल्या, "सभेत वाच."

वाचतो.

"रती. दोन माणसांनी एकमेकांच्या शरीराच्या सहवासात घेतलेलं सुख. संस्कृतातल्या 'रम्' या धातूपासून. या धातूचा जुना अर्थ थांबणं, विसावणं. आनंद घेणं हा अर्थ मागाहून आला. आपलं रमणं, विराम, आराम ही याच घरातली माणसं. वाक्य: लग्न होऊन दिल्लीला आलो तेव्हा आम्ही दोघं अनोळखी होतो, रती आमच्या घरी दुसऱ्या हिवाळ्यात आली."

माफी मागायची होती. ती काकांची मागायला हवी होती, आणि ते ऐकत होते तेव्हा मी मागितली नाही.

काल हे टाइप केलं. पुस्तक आता छापायला जाईल. मंडळाच्या समितीत कोणाला हा शब्द नको असेल, तर त्यांनी काकूंसमोर येऊन तसं सांगावं. माझ्या हातून तो पुन्हा निघणार नाही.

आता सगळ्यांनी थोडा वेळ शांत उभं राहावं, ही विनंती. काकू, तुम्ही बसूनच राहा. आम्ही तुमच्यासमोर उभे राहतो.