काळी काच

नागापूरच्या कंपनीसमोर सुनीती बसची वाट बघत उभी होती. आमदारांची गाडी नुकतीच फाटकातून आत गेली होती, आणि तिच्या मागं दोन कामगार बोलत होते.

"पुंजारामभाऊ, युनियनचा पुढारी असताना हा ह्याच फाटकावर ड्रमवर चढून बोलायचा ना?"

"व्हय. आत बोलावलं तरी जायचा न्हाई. म्हनायचा, मालकाचा चहा पोटात गेला की घोषणा घशाबाहेर येत न्हाई."

"आन आज त्याच्याच पोराकडं इथल्या मजुरांचं कंत्राट!"

"त्या पोरानंच काल मला कामावरून काढलं."

बस आली. सुनीती चढली नाही.

"तरी गाडीला मूठ उंचावून लाल सलाम केलात? काळ्या काचंतून त्याला काय दिसनार?"

"अजिनाथ, काच बाहेरून काळी असती. आतून त्याला मी चांगला दिसलो."