जुनाच व्हिडिओ गेम घेतला

नवा घ्यावा का जुना, असं विचारतोस ना, मग माझं ऐक. दुष्काळात ऊसच उरला नव्हता, सहकारी कारखाना बंद पडला आणि तिथं फिटर असलेले आमचे अण्णा घरात नुसते बसून राहायचे. मी व्हिडिओ गेम घ्यायला बीडला गेलतो. दुकानदार सलीमभाई म्हणाले, "नव्याला नेट लागतं. तुमच्या दिंद्रुडात रेंज हाय का? जुना घ्या, कॅसेट घातली की चालू."

घेतला, आणि आठ दिवसांत तो बंद पडला. मी चिडून परत द्यायला निघालो, तर अण्णांनी तो हातातून घेतला. दुपारभर खोलून बसले. पडद्यावर चित्र आलं तसे कितीतरी महिन्यांनी हसले.

मी म्हणालो, "नवाच घ्यायला पायजे होता."

"कावून? लई चांगला हाय," अण्णा म्हणाले. "गावात आणखी कुणाचा बिघडलाय का, बघ बरं."