चौथं कडवं

बेलापूरच्या दवाखान्यात झोपेच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी हातात धरून प्रियदर्शिनी नंबरची वाट बघत होती. पुढच्या बाकावर दोघी बोलत होत्या. एकीच्या पायाशी मासळीची रिकामी पाटी होती.

"रंगूबाय, तुज्या झोपेच्या गोल्या बंद झाल्या काय गो?"

"न्हाई दमयंती. निम्म्या झाल्यात, त्याबी डॉक्टरला इचारून. पर मंगळवारचं भजन चुकवत न्हाई."

"देव पावला म्हनजे."

"देवाचं ठावं न्हाई. मालक वारल्यापास्नं मला रडू फुटलं की सून हातातलं काम टाकून धावायची, नातवंडं टीव्ही बंद करायची. माझ्यापायी सगळं घर थांबायचं. मग मी रडायचंच सोडलं."

"आन् भजनात?"

"तितं माझा गळा दाटला तरी बाकीच्या म्हणत ऱ्हात्यात. मी डोळं पुसती आन् पुढच्या ओळीला घुसती."

"मना नाय जमनार. माजा पोरगा धनेश गेला तवापासून बाजारात पाटी घेऊन बसते, पन गिऱ्हाइकाला हाक मारवत नाय. आवाजच निघत नाय."

"माझाबी निघत नव्हता. तरी परवा मलाच पुढं म्हणायला बसवलं. मी घाबरून दुसरं-तिसरं कडवं सोडलं आन् चौथंच उचललं."

"हसल्या असतील सगल्या."

"न्हाई गं. समद्यांनी चौथंच धरलं."

दमयंतीनं पाटी पायाशी ओढून घेतली.

"कुठं बसता गो?"

"सेक्टर आठच्या देवळात. चारला."

प्रियदर्शिनीनं चिठ्ठी उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: मंगळवार, चार.