साडेतीन तासांचा व्यायाम

चिखलीच्या स्टॉपवर आकुर्डीची बस काही केल्या येईना. साधना मांडीवर डबा धरून बाकावर बसली होती. कानातल्या हेडफोनमधलं गाणं केव्हाच संपलं होतं, आणि मागं उभ्या असलेल्या दोघांचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"सुजितभाऊ, जिममध्ये वजनं उचलायला रोज किती वेळ द्यावा?"

"पाऊण तास. फार तर एक. तुला किती लागतो, धनेश?"

"साडेतीन."

"साडेतीन तास? वजनं उचलतो का ट्रक भरतो?"

"सेट मोजकेच मारतो. मधे बसून राहतो."

"दोन मिनिटांच्या वर ब्रेक घ्यायचा नाही राव. अंग थंड पडतं."

"ब्रेक मी कुठं घेतला? कंपनीनं दिलाय."

"कसला?"

"सात महिने भरले की कंत्राटी माणसाला देतात, तोच. ठेकेदार म्हणला, महिन्यानं बोलावतो. आता तिसरा चाललाय."

"आणि घरी बायकोला माहितीय?"

"घरी फर्स्ट शिफ्ट चालू आहे. पिंकी पाचला उठून डबा करते. इथल्या जिममध्ये कुणी ओळखेल म्हणून आकुर्डीला जातो."

"सांगून टाक तिला."

"परवा सांगणारच होतो. तर तिनं दंडाला हात लावून बघितला. म्हणली, कंपनीत लई वजन उचलायला लावतात का हो?"

"मग?"

"होय म्हणलो. तेव्हापासून डब्यात एक भाकरी जास्त घालते."