सावडीवर शिकलेलं काम

आमी कुरुंद्याच्या बाजूचे, हळदीवाले. नाव गजानन, पण गावात गज्या म्हणलं तरच मी वळून बगतो, कंपनीत पयल्या पयल्यानं गजानन म्हणायचे तर वाटायचं दुसऱ्याच कुणाला हाका मारून राहिलेत. बारावी झाली, इंजिनेरिंगला नंबर लागत होता, अन् त्याच साली बैलानं माह्या बापाला, बापूला, दाव्यासकट फरफटत नेलं, कंबर गेली ती गेलीच. मग कसलं कॉलेज अन् कसलं काय. आई म्हणली, गज्या, पुढल्या वर्षी जा. ते पुढलं वर्ष काही आलं न्हाई बगा.

माधव माहा दोस्त, पयलीपासून एका बाकावरचा, त्यो गेला नांदेडला इंजिनेरिंगला. मागं घरी त्याचा बाप एकटा, किसनकाका, आवाज असा की ह्या शिवारातून हाक मारली की त्या शिवारातले बैल कान टवकारायचे, पण वय झालेलं. वसमतच्या स्टँडवर बसायच्या आधी माधव म्हणला, गज्या, आपण सावड करू. आता सावड म्हंजे काय, आज तुमी आमच्या रानात राबा, उद्या आमी तुमच्या, पैशाची बात न्हाई, पण शब्द मोडायचा न्हाई, ज्यानं मोडला त्याच्या रानात मग काळं कुत्रंबी यायचं न्हाई. म्हणला, तू माह्या बापाच्या हळदीला हात लाव, मला जे शिकवतील ते मी तुला शिकवतो. मी म्हणलो, येडा हाईस का, आसली सावड कुठं असती का? म्हणला, आजपासून हाय.

अन् खरंच शिकवलं हो त्यानं, नांदेडहून फोनवर. रेंज यायची ती फक्त काकाच्या विहिरीपाशी, म्हून तिथंच बसायचो. माधवनं जुना लॅपटॉप दिलेला, बॅटरी मेलेली, मोटारीच्या पेटीतून वायर घेतली तरच चालायचा, अन् लाईट गेली की केलेलं सगळं पाण्यात. प्रोग्रामच्या चार ओळी लिहायच्या, चुकायचं, परत लिहायचं. काका बांधावरून ओरडायचा, गज्या, त्या डब्यात काय खुरपून राहिला रे? मी म्हणायचो, चूक सापडंना काका. तर म्हणायचा, मुळासकट काढ, न्हाई तर परत उगंल. काय सांगू तुमाला, आता खुर्ची हाय, पंखा हाय, दोन दोन स्क्रीन हाईत, पण त्या विहिरीच्या काठावर जो जीव लागायचा ना, तसा लागत न्हाई.

काम जमायला लागलं तसं नोकरीला अर्ज टाकले. जो त्यो पयले इचारायचा, डिग्री कोणती? न्हाई म्हणलं की फोन बंद. बापू म्हणला, पुरे आता, दुकानात कामाला लाग. मी म्हणलो, एक डाव राहिला, त्योबी हुकला तर डबा माधवला वापस देतो. पुण्याच्या एका लहानशा कंपनीतल्या मॅडम म्हणल्या होत्या, डिग्री राहू दे, व्हिडिओ कॉलवर समोर बसून लिहून दाखवा. अन् दिवस कोणता दिला, तर काकाची हळद शिजवायचा! बॉयलर एक अन् गावं चार, पाळी बदलता येत न्हाई, अन् सावडीला न्हाई म्हणता येत न्हाई. काकाला सांगितलं तर म्हणला, ये की, डबाबी घेऊन ये.

बॉयलर लागला विहिरीपासून दहा पावलांवर. धूर, वाफेचा फुसफुसाट, टॅक्टर धडधडून राहिला, हळद भरणाऱ्या बायांचा कालवा. मॅडमनी गणित घातलं, मी लिहायला लागलो, त्या काही इचारून राहिल्या अन् मला घंटा ऐकू येईना. दोनदा म्हणल्या, आवाज येत नाही, आपण थांबू या का? सरळ सांगतो, रडूच आलं. काकानं बांधावरून बगितलं अन् वरडला, बंद करा रे ते! बॉयलरवाला म्हणला, काका, हळद अर्धी शिजलीय, आता काहून बंद? वाया जाईल माल. काका म्हणला, जाऊ दे, हळद पुढल्या सालीबी येती.

सगळं गप. बाया अन् गप, इचार करा! एकीनं लेकराच्या तोंडाला पदर लावला. मी लिहून काढलं, दोन चुका झाल्या, त्या मीच हुडकल्या, मुळासकट. शेवटी मॅडमनी इचारलं, कुठं शिकलात? मी म्हणलो, सावडीवर, मॅडम. त्यांनी सगळी हकीकत इचारून घेतली, अन् आठ दिवसांनी बोलावणं आलं.

काकाचा त्यो माल वाळून सुरकुतला. वसमतच्या बाजारात व्यापाऱ्यानं कांडी मोडून बगितली अन् बाजूला सारली. काकानं गुमान घरी आणला, म्हणला, खायला होईल. वरीसभर त्याच्या घरचं वरण फिक्कं.

आता मी घरूनच काम करून राहिलो. बापू सुखानं गेला, माही पोरगी शाळंत जाती. माधव परदेशी हाय, म्हणतो, गज्या, सावड कवाच फिटली. मी म्हणतो, तुही फिटली असंल, तुह्या बापाची न्हाई. हळदीच्या दिवसात सुट्टी टाकतो अन् काकाच्या रानात जातो.

काकाला आता धड दिसत न्हाई, आठवणबी मागं पुढं होती. औंदा बॉयलरपाशी बाजेवर बसवला होता. माहा फोन वाजला, ऑफिसचा, अन् म्हातारा एकदम काठी उचलून वरडला, बंद करा रे ते, पोरगं शिकून राहिलं! सगळे हसले. मला काही हसू आलं न्हाई. जवळ गेलो, म्हणलो, काका, मी शिकलो आता, हळद शिजू द्या. त्यानं माहा हात चाचपला अन् म्हणला, आधी तुहं होऊ दे लेकरा, हळद पुढल्या सालीबी येती.