एकतीस बाळांची लस

सिस्टर : नाही डॉक्टर. या बाटल्या मी फेकणार नाही आणि परत फ्रीजमध्येही ठेवणार नाही. इथे टेबलावरच राहू देत. चार वाजता लसीकरणाचे सरकारी साहेब तपासणीला येतील, तेव्हा त्यांना दिसल्या पाहिजेत.

डॉक्टर : सिस्टर, आधी दार लावा. बाहेर पेशंट बसायला लागलेत.

सिस्टर : दार उघडंच बरं. दार लावलं की आपण दोघं हळू आवाजात बोलायला लागू, आणि हळू आवाजात माणूस नको त्याला हो म्हणतो.

डॉक्टर : तुम्ही आठवडाभर लेकीच्या बाळंतपणाला गेला होतात. आज आलात, आल्या आल्या फ्रीज उघडलात आणि...

सिस्टर : आणि मागच्या रांगेतल्या बाटल्या कडक गोठलेल्या बघितल्या. आत लस गोठली की खूण दाखवणारी डबी असते, तिच्यावर फुली आलेली बघितली. ती एकदा आली की जात नाही. फ्रीजचं बटण कोणी फिरवलं?

डॉक्टर : मी. गुरुवारी. दिवसातून चार-चार वेळा वीज जात होती. म्हटलं, थोडं जास्त थंड असलेलं बरं.

सिस्टर : बर्फाच्या गोळ्याला बरं. घटसर्पाच्या या लशीला नाही. एकदा गोठली की नंतर कितीही विरघळवा, तिच्यात जोर राहत नाही.

डॉक्टर : मला माहितीये ते. परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत मी त्यावर. पण सगळ्याच बाटल्या गोठल्या असतील असं कशावरून? मी शनिवारी पुढच्या रांगेतल्या वापरल्या.

सिस्टर : म्हणून तर दोन बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्यात. ही मागच्या रांगेतली, गोठलेली, विरघळू दिली. ही पुढच्या रांगेतली. दोन्ही सारख्या हलवल्या. बघा आता.

डॉक्टर : (बाटल्या उजेडाकडे धरून) पुढचीही तशीच?

सिस्टर : चांगली लस असती तर अजून दुधासारखी गढूळ दिसली असती. दोन्हींत गाळ खाली बसलाय, वर नितळ पाणी. किती बाळांना टोचलंत?

डॉक्टर : शुक्रवारी चौदा. शनिवारी सतरा.

सिस्टर : एकतीस.

डॉक्टर : ऐका माझं. त्यातल्या बऱ्याच जणांचा पुढचा डोस महिन्याभरात आहेच. तेव्हा चांगली लस मिळेल. तेवढ्यानं काही आभाळ कोसळत नाही.

सिस्टर : आणि ज्यांचा तो शेवटचा डोस होता ते?

डॉक्टर : त्यांना काहीतरी निमित्तानं बोलावून घेऊ. ताकदीचं इंजेक्शन म्हणू.

सिस्टर : म्हणजे एक खोटं झाकायला दुसरं.

डॉक्टर : झाकली मूठ सव्वा लाखाची, सिस्टर!

सिस्टर : मुठीत काही असलं तर. इथे नितळ पाणी आहे.

डॉक्टर : तुम्हाला काय वाटतं, मी स्वतःची कातडी वाचवतोय? दोन वर्षांपूर्वी इथे काय होतं आठवा. सरकारी केंद्रात लस दुपारी एकपर्यंतच. कारखान्यातल्या बायका सुटणार संध्याकाळी सहाला. एक लस द्यायची म्हणजे एका दिवसाचा पगार गेला. कोण जाईल? म्हणून तर ही योजना आली. लस सरकारची, पैसा सरकारचा, दवाखाना आपला, वेळ संध्याकाळची. आज या वस्तीत लस राहिलेलं मूल शोधून काढावं लागतं. हे आपण केलंय, तुम्ही आणि मी.

सिस्टर : केलंय ना. नाही कोण म्हणतंय.

डॉक्टर : मग? आज योजनेच्या नूतनीकरणाची तपासणी आहे. या बाटल्या टेबलावर दिसल्या की साहेब आपला दवाखाना यादीतून काढणार. आधीच वर बोंब आहे, सरकारी पैसा खाजगी डॉक्टरला कशाला म्हणून. त्यांना आयतं कोलीत मिळेल. आपण बंद झालो की पुढच्या वर्षी जी शेकडो बाळं लशीवाचून राहतील, त्यांचं काय? एकतिसांसाठी शेकडो?

सिस्टर : हिशोब चोख आहे तुमचा. फक्त या एकतिसांच्या दारात उभं राहून तो कोण ऐकवणार तेवढं सांगा.

डॉक्टर : तुम्ही हट्टाला पेटलात की...

सिस्टर : पेटलेच आहे. सरकारी दवाखान्यात सव्वीस वर्षं काढली मी. तिथे एकदा लशीची पेटी आली, खाली बर्फ, वर बर्फ, बाटल्या मध्ये चिणलेल्या. मी मोठ्या बाईंना म्हटलं, या गोठल्यात. त्या म्हणाल्या, गावात शंभर बायका बसल्यात, परत पाठवू म्हणतेस? टोच. मी टोचलं. पुढच्या वर्षी त्याच गावातली एक पोर घटसर्पानं आमच्या वॉर्डात आली. घशात पांढरा पडदा धरलेला, श्वास घेताना छाती आत जायची. वाचली नाही. तिच्या कार्डावर सगळे डोस पुरे होते. सही माझी.

डॉक्टर : ती त्या पेटीमुळेच गेली असं नाही ना सांगता येत.

सिस्टर : नाही सांगता येत. त्या पेटीमुळे की आणखी कशामुळे, कोणालाच माहीत नाही. आम्ही लिहूनच ठेवलं नव्हतं तर माहीत होणार कुठून? तिची आई मला विचारत होती, सिस्टर, लस तर दिली होती ना? मी हो म्हटलं. आता नाही म्हणणार मी तसं. नोकरी जाऊ दे, योजना जाऊ दे.

डॉक्टर : निदान उद्यापर्यंत थांबा. तपासणी होऊ दे, मग आपण सगळ्यांना बोलावू. शब्द देतो.

सिस्टर : उशीर झाला. सकाळपासून अकरा फोन झालेत माझे.

डॉक्टर : काय? मला न विचारता?

सिस्टर : विचारलं असतं तर तुम्ही थांबा म्हणाला असता. आत्ता म्हणालात तसं.

आई : येऊ का आत? सिस्टरांचा फोन आला म्हणून मशीनवरून उठून आले. सुपरवायझरनं अर्धाच तास दिलाय, त्यातली दहा मिनिटं चालण्यात गेली. काय झालं? माझ्या पोरीच्या रिपोर्टात काही निघालं का?

सिस्टर : बस गं आधी. पोर बरी आहे ना?

आई : ठणठणीत. शनिवारी रात्रभर रडली, मांडी सुजली होती, आता आजीच्या अंगावर नाचतेय. पण तुम्ही बस म्हणालात की मला बसवत नाही. उभ्यानंच सांगा.

सिस्टर : शनिवारी तिला दिलेली लस खराब होती. फ्रीजमध्ये गोठली होती. तिला अपाय काही नाही, पण उपयोगही नाही. परत टोचावी लागेल.

आई : म्हणजे ती रडली, मी जागी राहिले, ते सगळं फुकट?

सिस्टर : फुकट.

आई : आणि डॉक्टर, तुम्ही तिकडे भिंतीकडे काय बघताय? टोचलं तर तुम्हीच होतं!

डॉक्टर : चूक माझीच आहे. फ्रीज मीच जास्त थंड केला. आम्ही... कळवायचंच होतं. फक्त केव्हा आणि कसं, ते ठरत होतं.

आई : ठरत होतं? अहो, माझ्या मशीनवर एक शिवण वाकडी गेली तर अख्खा शर्ट उसवायला लावतात. पुढच्या शर्टाला नीट शिवीन असं म्हणून चालत नाही. आणि तो नुसता शर्ट असतो!

डॉक्टर : तुमचा राग मला समजतो. पण तुम्हीही एक समजून घ्या. हे आज बाहेर पडलं तर हा दवाखाना योजनेतून जाईल. संध्याकाळची लस बंद. परत खाडा करून सरकारी केंद्रात रांग लावावी लागेल तुम्हा सगळ्यांना. मी तुमचाच विचार करत होतो.

आई : मग आमच्याशी बोलायचं होतं की. आमच्या वतीनं परस्पर घाबरायला कोणी सांगितलं तुम्हाला? गप्प बसून दवाखाना चालू ठेवलात, तर उद्या मी पोरीला इथे आणीन कशाच्या भरवशावर? फुकट पाणी टोचून घ्यायला?

सिस्टर : बघा डॉक्टर. मी तासभर जे सांगत होते ते हिनं एका दमात सांगितलं.

आई : किती जणी आहोत आम्ही?

सिस्टर : एकतीस.

आई : त्यातल्या नऊ-दहा तर माझ्याच कारखान्यातल्या. बाकीच्यांना मी सांगते. तुमचा फोन लागायच्या आधी बातमी पोचेल, बघा. पण एक आहे. मी शिव्या घालत सांगणार. गोड बोलून सांगायला मला जमणार नाही.

सिस्टर : घाल शिव्या. फक्त लस घेऊ नका असं सांगू नकोस. परत घ्यायची आहे, चांगली.

आई : तेवढी अक्कल आहे मला. निघते. अर्धा पगार कापतील नाहीतर.

डॉक्टर : थांबा. सिस्टर, यादी द्या इकडे. राहिलेले फोन मी करतो.

सिस्टर : आधी साहेबांना करा. चारला त्यांनी इथे येऊन बघण्यापेक्षा आत्ता तुमच्या तोंडून ऐकू देत.

डॉक्टर : आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा.

सिस्टर : धोंडा गुरुवारीच पडला. आता फक्त ओरडायचंय.

(पाचव्या दिवशी. तीच खोली, संध्याकाळ. फ्रीजचं दार सताड उघडं, आत काही नाही.)

आई : अहो, ऑफिसात साहेबांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही! दवाखाना यादीतून काढणार कळल्यावर गेलो आम्ही तेवीस जणी, तेवीस पोरं. शिपाई म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. म्हटलं, असू देत, आम्ही बसतो. दहा मिनिटांत चार पोरं रडायला लागली, एकानं फायलींवर कार्यक्रम केला. मीटिंग संपली ताबडतोब.

डॉक्टर : मला त्यांचा फोन आला तेव्हा आवाज जरा बदललेलाच होता.

आई : मला म्हणाले, बाई, तुमच्याच बाळांना खराब लस देणाऱ्या दवाखान्यासाठी तुम्ही भांडताय? म्हटलं, त्याच दवाखान्यानं आम्हाला स्वतः बोलावून सांगितलं. तुमच्या केंद्रातला फ्रीज कधी बिघडला ते आम्हाला कधी कोणी सांगितलंय? तो काय कधी बिघडतच नाही?

सिस्टर : मग काय म्हणाले?

आई : पाणी प्यायले. आणि म्हणाले, नियम नियम आहे. मी म्हटलं, असू दे ना. दवाखान्याचे पैसे रोखा, फ्रीजला कुलूप लावा, डॉक्टरांना पाहिजे तर कोपऱ्यात उभं करा. पण आमची सहानंतरची लस बंद करायची नाही. ती तुम्ही डॉक्टरांना दिलेली नाही, आम्हाला दिलीय. आमच्याच करातून.

डॉक्टर : लेखी आलंय आज. चौकशी पुरी होईपर्यंत अनुदान बंद. इथे लस साठवायची नाही. रोज दुपारी सरकारी केंद्रातून पेटी आणायची, उरलेल्या बाटल्या रात्री परत. नूतनीकरणाचं तीन महिन्यांनी बघू म्हणतात. काढलेलं नाही, ठेवलेलंही नाही.

आई : म्हणजे तीन महिने तुम्ही पदरमोड करणार?

डॉक्टर : करू. खोकल्या-सर्दीचे पेशंट आहेतच. चौकशीत काय निघेल ते मात्र सांगता येत नाही. परवान्यावरही येऊ शकतं.

आई : आलं तर कळवा. आम्हाला आता साहेबांच्या खोलीची वाट पाठ झालीय. चला, पोरीला पाजायचंय. मांडी परत सुजलीय, पण आज मी तिला म्हटलं, रड बाई, हे रडणं खरं आहे.

सिस्टर : ओली पट्टी ठेव. चोळू नकोस.

डॉक्टर : गेली. सिस्टर, किती बाळांना परत टोचून झालं आजपर्यंत?

सिस्टर : एकोणतीस. एक बाळ आईबरोबर परगावी गेलंय, तिथल्या सिस्टरशी बोलले, उद्या देणार आहेत. राहिलं एक.

डॉक्टर : तिसऱ्या गल्लीतलं?

सिस्टर : हो. दोनदा जाऊन आले. बाप दार उघडतो, मला बघितलं की लावून घेतो. काल आतून म्हणाला, एकदा फसवलंत, पुरे झालं. चुकीचं नाही बोलला तो. पोराचा तिसरा डोस होता. आणि आता ते लोक कुठलीच लस नको म्हणायला लागलेत.

डॉक्टर : उद्या परत जाणार?

सिस्टर : आत्ताच निघालेय. पेटी परत द्यायला अजून तासभर आहे.

डॉक्टर : मी येतो.

सिस्टर : तो तुम्हाला सोडणार नाही. वाटेल ते बोलेल. सगळी गल्ली गोळा होईल.

डॉक्टर : होऊ दे. काय सांगायचं त्याला?

सिस्टर : जे झालं ते. समजवायला जाऊ नका, आपली बाजू मांडू नका. तो बोलत असेल तोवर उभं राहायचं.

डॉक्टर : आणि त्यानं दार लावून घेतलं तर?

सिस्टर : दाराला कान असतात, डॉक्टर. आत पोराची आई आहे. जरा मोठ्यानं बोला.